नाकेबंदी अमेरिकेत, होळी सुप्यात

दौंड आणि शिरूर हे कापसाचे तालुके कधीच नव्हते. दीडशे वर्षांपूर्वी तर इथे ज्वारी-बाजरी हेच पीक आणि हेच खाणं. ज्याच्या विहिरीला पाणी त्याची थोडीफार बागायत, बाकी सगळा मामला पावसाच्या मर्जीवर. तरीही १८७५ च्या उन्हाळ्यात इथल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे ‘दख्खनचे दंगे’ केले, त्यांची कारणं सांगायला बसलं की अमेरिकेतल्या कापसाचं नाव पहिल्या चार ओळींत येतं. शाळेच्या पुस्तकात येतं, स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये येतं, मुलं ते पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. कापूस न पिकवणाऱ्या गावात कापसाच्या भावाने आग कशी लागली, हे विचारायचं राहूनच जातं.

दुसरं कोडं याहून मजेदार आहे. सावकाराच्या घरात धान्य होतं, कापड होतं, भांडीकुंडी होती. जमावाने त्यातलं काही नेलं, काही जाळलं. पण दारात येऊन पहिल्यांदा मागितले ते कागद : कर्जरोखे, खतं, हिशेबाच्या वह्या. ते रस्त्यावर आणून त्यांची होळी केली. भुकेला जमाव कोठारावर चालून जातो. हा जमाव दप्तरावर का गेला?

आर्थिक निर्बंध, बंदरांची नाकेबंदी, कोसळलेलं चलन आणि त्यातून रस्त्यावर उतरलेली माणसं अशा बातम्या हल्ली इराणपासून व्हेनेझुएलापर्यंत कुठूनही येतात. त्या दूरच्या वाटतात. पण निर्बंधांचा फटका कुठून निघतो, कुठे जाऊन बसतो आणि वाटेत काय काय होतं, हे समजून घ्यायला भीमा आणि घोडनदीच्या काठची ही जुनी हकिगत फार उपयोगी पडते.

बुधवारचा बाजार

१२ मे १८७५. सुप्याचा आठवडे बाजार. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं आणि आजचे दौंड व बारामती हे दोन्ही तालुके मिळून भीमथडी होई. (हे नाव आता तट्टांच्या आठवणीत आणि पुण्यातल्या जत्रेच्या फलकावर तेवढं उरलं आहे.) आसपासच्या गावांतून बाजाराला आलेल्या लोकांनी गुजर आणि मारवाडी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चाल केली. एक घर जाळलं, डझनभर फोडली. जिल्ह्याचे अधिकारी तीन दिवसांनी पोचले, तेव्हाही रस्त्यात जळलेल्या कागदांच्या राखेचे ढीग पडलेले होते.

चोवीस तासांच्या आत चौदा मैलांवरच्या दुसऱ्या गावात सावकाराचं घर पेटलं. मग शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि नदी ओलांडून नगर जिल्ह्यातले पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असं लोण पसरत गेलं. तीसहून अधिक गावांत दंगे झाले. लष्कर बोलवावं लागलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाली.

दंग्यांची एक रीत ठरून गेल्यासारखी होती. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. आढेवेढे घेतले तर मात्र गवताच्या गंजीला काडी लागायची, नाहीतर घराला. या धिटाईमागे एक अफवाही होती. कुणा साहेबाला म्हणे मारवाडी सावकारांनी कर्जापायी नागवलं, त्याने विलायतेला अर्ज केला आणि सावकारांकडचे रोखे काढून घ्यावेत असा हुकूम खुद्द राणीसाहेबांनी सोडला आहे! रोखे जाळणाऱ्या कित्येकांना आपण सरकारी हुकमाचीच अंमलबजावणी करतो आहोत असं वाटत होतं. मामलेदार आपला नसला, कोर्ट आपलं नसलं, तरी राणी आपली असेल, ही त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत आज भाबडी वाटते. कदाचित ती त्याची शेवटची आशा होती.

करड्यातली सुरुवात

ठिणगी मात्र आधीच पडली होती, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा मिळवला आणि घर ताब्यात घेऊन ते पाडायला काढलं. देशमुख म्हणजे वतनदार घराणं, गावातलं मानाचं माणूस. त्याच्या वाड्याची लाकडं उतरताना गावाने पाहिली. ज्याच्या ओसरीवर आपण बसायचो त्याचं असं होतं, तर आपल्या खोपटाचं काय, हा विचार प्रत्येकाच्या मनात आला असणार.

गावाने हत्यार उचललं नाही. गावाने सावकारांना वाळीत टाकलं. न्हावी हजामत करीना, परीट कपडे घेईना, पाणक्या पाणी भरीना, दुकानातून कुणी जिन्नस घेईना. बहिष्काराची ही युक्ती आजूबाजूच्या गावांनी उचलली. काही गावांनी तर तसे करार लिहून काढले : जो सावकाराचं शेत कसेल किंवा त्याची चाकरी करील, त्याला जातीचे आणि गावकीचे दरवाजे बंद. काही सावकार कंटाळून तालुक्याच्या ठिकाणी निघाले. मे महिन्यातल्या सुप्याच्या बाजारी जे झालं ते या चार-पाच महिन्यांच्या ताणाचं टोक होतं.

आता प्रश्न असा की कर्ज काय, सावकार काय, दोन्ही पेशवाईपासून होतेच. मग १८७५ मध्येच काय बिनसलं? त्यासाठी चौदा वर्षं मागे आणि अर्धी पृथ्वी ओलांडून जावं लागतं.

बंदरांना लागलेलं कुलूप

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली. १९ एप्रिलला अध्यक्ष लिंकन यांनी त्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेची सगळी श्रीमंती कापसावर उभी होती आणि तो विकत घेणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या. ब्रिटनला लागणाऱ्या कच्च्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई.

गंमत अशी की सुरुवातीला दक्षिणेच्या बागाईतदारांनी आपण होऊनच कापूस रोखून धरला. आपला माल थांबला की इंग्लंड नाक घासत येईल आणि आपल्या बाजूने युद्धात उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. आपलाच माल आपल्याच देशाने अडवला की काय होतं, हे शिरूरच्या कांदा उत्पादकाला सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ या काळातली कांद्याची निर्यातबंदी अजून कुणी विसरलेलं नाही. गिऱ्हाईक नाक घासत येत नाही, ते दुसऱ्या दुकानात जातं.

१८६१ मध्ये अमेरिकेतून ब्रिटनमध्ये वीस लाखांवर गासड्या उतरल्या होत्या. पुढच्या वर्षी उतरल्या फक्त ५५ हजार. लँकेशायरमध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार बसून राहिले. मार्च १८६३ मध्ये स्टॅलीब्रिज या गावात दंगल झाली. मदत समितीने रोख पैशांऐवजी चिठ्ठ्या वाटायचं ठरवलं हे तिचं तात्कालिक कारण. आणि गिरणीवाल्यांचे दलाल मुंबईकडे वळले. १८६२ मध्ये ब्रिटनला गेलेल्या कापसापैकी ९० टक्क्यांहून अधिक कापूस हिंदुस्थानातला होता. भाव चौपटीच्या वर गेले.

याच युद्धाची एक निराळी खूण पुण्यात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. पुण्यातल्या छापखान्यात ही अर्पणपत्रिका जुळवली जात होती तेव्हा त्याच युद्धाची दुसरी नोंद पन्नास-साठ मैलांवर सावकारांच्या वह्यांत व्याज खात पडली होती.

पैसा गावापर्यंत कसा आला

मुंबईत त्या चार वर्षांत सोन्या-चांदीचा पूर आला. नेहमीच्या भावाने जेवढं मिळालं असतं त्याच्यावर सुमारे आठ कोटी पौंड मुंबईला मिळाले असा अंदाज नंतर मांडला गेला. नवनव्या बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे कंपनीचे शेअर कागदावरच दहापट झाले. प्रेमचंद रायचंद या शेअर दलालाचं नाव घराघरांत पोचलं.

हा पैसा दौंड-शिरूरला पोचायला इथे कापूस पिकायची गरज नव्हती. पतपुरवठ्याचं गणित धरणाच्या पाटासारखं असतं. हेडला पाणी सोडलं की ते चाऱ्या-पोटचाऱ्यांतून टेलच्या शेतापर्यंत येतं. टेलवाल्याने धरण पाहिलेलंही नसतं. मुंबईच्या बड्या पेढीने पुण्याच्या सराफाला पैसा दिला, त्याने तालुक्याच्या सावकाराला, त्याने गावच्या दुकानदाराला. जिथे कापूस होता तिथे एकरामागे शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळू लागली. जिथे नव्हता तिथे धान्याचे भाव चढले, कारण कापसाखाली गेलेल्या जमिनीत ज्वारी पिकत नव्हती आणि हातात पैसा आलेला माणूस ती विकत घेत होता. त्यातच रेल्वेचं काम जोरात होतं. पुण्याहून दौंडावरून दिक्सळपर्यंतची लाइन १८५८ च्या अखेरीसच सुरू झाली होती. पुढे खडकवासल्याचं धरण आणि कालव्याचं काम निघालं. बैलगाडी असेल त्याला भाडं मिळे, हात असतील त्याला मजुरी.

अशा दिवसांत कर्ज काढणं हा मूर्खपणा नव्हता. ज्वारीला चांगला भाव, सावकार घरी येऊन पैसे देतोय, मग विहीर पाडावी, बैलजोडी घ्यावी, मुलीचं लग्न जरा थाटात करावं, यात शेतकऱ्याचं काय चुकलं? उधळपट्टीमुळे कुणबी बुडाला असं नंतर पुष्कळ साहेबांनी लिहिलं. त्याच वेळी मुंबईचे शिकलेले, टोपीवाले लोक बॅक बेच्या शेअरवर घरदार लावत होते, ते सोयीस्कर विसरून.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं. मुंबईत वायद्याचे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. प्रेमचंद बुडाले. बँक ऑफ बॉम्बेने कसाबसा तग धरला आणि १८६८ मध्ये तीही गुंडाळावी लागली.

पाट बंद झाला की पहिली टेल कोरडी पडते. गावात मात्र हे लगेच झालं नाही. सरकारी बांधकामं चालू होती, मधल्या काही वर्षांत पावसाने ओढ दिल्याने धान्याचे भाव टिकून होते. खरी घसरण जाणवली ती १८७० नंतर. वरच्या पेढ्यांनी सराफांना आवळलं, सराफांनी सावकारांना, सावकारांनी नवं कर्ज देणं थांबवलं आणि जुन्याच्या वसुलीला कोर्टाची पायरी चढले. सावकार हा या साखळीतला शेवटून दुसरा दुवा होता. कुळाला दिसायचा तो तेवढाच. त्याच्या मागे उभे असलेले पुण्या-मुंबईचे लोक करड्याच्या किंवा सुप्याच्या माणसाला ठाऊकही नव्हते.

रुपया जड होतो म्हणजे काय

चलन कोसळणं म्हणजे पैशाची किंमत घसरणं, हे आपल्या परिचयाचं. नेमकं त्याच्या उलटंही होतं आणि ते कर्जदाराला अधिक चेचतं. धान्याचे भाव पडले की रुपया महाग होतो. ज्वारीच्या भाषेत बोलायचं तर, चांगल्या वर्षी पाच पायल्या विकून जो रुपया हाती येत होता त्यासाठी आता आठ पायल्या विकाव्या लागतात. हे आकडे नुसते समजण्यापुरते घेतले आहेत; मुद्दा असा की सावकाराच्या वहीत पायल्या लिहिलेल्या नसतात, रुपये लिहिलेले असतात. पीक तेवढंच, कष्ट तेवढेच, कागदावरचा आकडाही तोच. तरी कर्ज दीडपट होऊन बसतं. कुणीही व्याजदर न वाढवता.

सावकाराशिवाय दुसरा एक धनको होता, सरकार. पुणे जिल्ह्यात नव्या पद्धतीची पाहणी आणि जमीनधारा आकारणी १८३६ मध्ये इंदापूरपासून सुरू झाली होती, तीस वर्षांच्या बोलीने. मुदत संपल्यावर १८६७ पासून फेरआकारणी निघाली, तीही इंदापूरपासूनच. अधिकाऱ्यांनी समोर पाहिले ते तेजीतले भाव. रेल्वे आली, भाव वाढले, कुणबी सुखात आहे, असं म्हणत धारा पुष्कळ ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढवला. नवा धारा वसूल व्हायला लागला तेव्हा ते भाव इतिहासजमा होत चालले होते. आणि धारा रोख भरायचा, ठरलेल्या हप्त्याला. पीक विकलं जावो न जावो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, जी १८७० मध्ये स्थापन झाली होती, याविरुद्ध आवाज उठवला. सरकारनेही १८७४ मध्ये वाढीवर मर्यादा घातली : गावांच्या गटासाठी ३३ टक्के, एका गावासाठी ६६ आणि एका खातेदारासाठी जास्तीत जास्त दुप्पट. दुप्पट ही मर्यादा ठरते यावरूनच आधीचा कारभार कळावा.

हप्त्याचे पैसे कूळ कुठून आणायचं? सावकाराकडूनच. म्हणजे सरकारचा धारा फिरून सावकाराच्या वहीत जमा व्हायचा, व्याजासकट. सावकाराने हात आखडला की सरकारचा तगादा आणि कोर्टाची जप्ती एकदम दारात.

> चौकट : शंभराचे पावणेनऊशे
>
> १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची दाव्याची मुदत तीन वर्षं केली. हेतू चांगला होता, जुनी भुतं उकरली जाऊ नयेत. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि साचलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून घालू लागला.
>
> महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज धरा. शंभर रुपयांचे तीन वर्षांनी १७२ होतात. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी २९६. नवव्या वर्षी ५०९. बाराव्या वर्षी ८७५. कुळाने मध्ये नवा पैसाही घेतलेला नाही.
>
> जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता : व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण नव्या रोख्यात जुनं व्याज मुद्दलाचं सोंग घेऊन बसलं की हा नियम हात चोळत राहतो. शंभर रुपयांवर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं एक प्रकरण दंग्यांच्या चौकशीत पुढे आलं.

भाकरी की कागद

आता त्याच नाकेबंदीचं दुसरं टोक पाहू. बंदरं बंद झाल्यावर अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांना जकातीचं उत्पन्न उरलं नाही आणि कापूस विकून सोनं मिळेना. युद्धाचा खर्च तर रोजचा. त्यांच्या सरकारने नोटा छापल्या, मग आणखी छापल्या. माल कमी, नोटा उदंड. युद्ध संपेपर्यंत किमती सुरुवातीच्या नव्वद पटींच्या आसपास गेल्या. २ एप्रिल १८६३ रोजी राजधानी रिचमंडमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या, गव्हर्नरच्या दारात गेल्या आणि तिथून थेट दुकानांवर. पीठ, मांस, बूट, कापड, हाताला लागेल ते उचललं. अध्यक्ष जेफरसन डेव्हिस स्वतः आले, खिशातली नाणी गर्दीत भिरकावली, पांगला नाहीत तर गोळीबार होईल असं बजावलं.

रिचमंडच्या बायकांनी कागद जाळले नाहीत. जाळायचे कशाला? तिथे कागदाला किंमतच राहिली नव्हती. नोट असो वा रोखा, त्याच्यात दिवसेंदिवस कमी पीठ येत होतं. ज्याच्यावर कर्ज होतं तो उलट सुटत होता, कारण शंभर डॉलरचं देणं चार पोती विकून फिटत होतं ते आता मूठभर धान्यात फिटे. मौल्यवान होतं ते सामान. जमाव तिकडे गेला.

सुप्यात बरोबर उलटं. धान्य स्वस्त झालेलं आणि कागद भयंकर महाग. प्रत्येक पडत्या भावाबरोबर त्या रोख्याचं वजन वाढत होतं आणि त्याच्या टोकाला शेत, बैल, राहतं घर बांधलेलं होतं. मग जमाव कागदाकडे गेला यात नवल ते काय? लोक भडकले की अक्कल गहाण ठेवतात असं म्हणायची पद्धत आहे. या दोन जमावांनी मात्र अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाइतक्या नेमकेपणाने, आपल्या बाजारात महाग काय झालंय ते हेरलं होतं.

आजच्या इराणकडे या नजरेने पाहिलं की तिथली एक गोष्ट उलगडते. ८ मे २०१८ रोजी अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली आणि निर्बंध पुन्हा लागू होणार हे पक्कं झालं. वर्षाच्या सुरुवातीला खुल्या बाजारात डॉलरला चाळीस-पंचेचाळीस हजार रियाल पडत. जूनअखेर नव्वद हजारांच्या आसपास पडू लागले. निर्बंध प्रत्यक्ष लागायचे होते, नुसत्या धास्तीने हे झालं. २५ जूनला तेहरानच्या मोठ्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद केली. दुकानदार, म्हणजे ज्याच्याकडे माल आहे तो, का चिडावा? कारण आज विकलेल्या मालाच्या पैशात उद्या तेवढाच माल भरता येत नव्हता. विकणं हाच तोटा झाला होता. अशा वेळी दुकानाला कुलूप हा निषेधही असतो आणि धंद्याचा शहाणपणाही.

दोष कुणाचा

सरकारने दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. आयोगाने काही गावांची खाती तपासली तेव्हा सरकारी जमिनीच्या खातेदारांपैकी साधारण एक तृतीयांश कर्जात बुडालेले निघाले आणि त्यांचं कर्ज सरासरीने त्यांच्या धाऱ्याच्या अठरा पट होतं. तरी निष्कर्ष मुख्यतः असा निघाला की दोष सावकारीचा आणि कोर्टांच्या कारभाराचा, धाऱ्याचा नव्हे. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने मात्र वेगळं टिपण लिहून वाढीव आकारणीवर बोट ठेवलं. ज्याने आयोग नेमला त्याच्याकडे बोट दाखवणारा एखादा सदस्य निघतो, हेही काही कमी नाही.

पुढच्या इतिहासकारांतही एकमत नाही. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचं महत्त्व फुगवलं गेलं असं प्रतिपादन केलं. दंगे थोड्या गावांत झाले, फार काळ टिकले नाहीत आणि कापसाच्या तेजी-मंदीशी या कोरडवाहू पट्ट्याचा संबंध जोडणं ताणलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. कापूस आणि सुपे यांच्यात सरळ रेष ओढता येत नाही. खानदेश-वऱ्हाडात कापूस उदंड, पण दंगे झाले ते पुणे-नगरच्या कोरडवाहू गावांत. पण रेष सरळ नाही म्हणजे ती नाहीच, असं होत नाही. वऱ्हाडात मंदीनंतरही विकायला एक नगदी पीक उरलं. टेलच्या या गावांत तेजीने कर्ज आणि वाढीव धारा तेवढा मागे ठेवला. ते फेडायला लागणारी वस्तू इथे पिकतच नव्हती.

मारवाडी आणि गुजर सावकारच का सापडले, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. गावात ब्राह्मण सावकारही होते आणि त्यांना सहसा धक्का लागला नाही. परमुलखातून आलेला, गावकीत न मिसळलेला, जत्रेत वर्गणीपुरता असणारा माणूस रागाचं सोपं लक्ष्य ठरतो. पैशाची साखळी लांब आणि न दिसणारी असली की राग दिसणाऱ्या दुव्यावर निघतो, आणि त्यात दुव्याचा दोष किती याचा हिशेब नंतर कुणी ठेवत नाही.

कायदा आणि पळवाट

१८७६-७८ च्या दुष्काळाने उरलंसुरलं मोडलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी आपलं पहिलं धाड-सत्र सुरू केलं ते शिरूर तालुक्यातल्या धामारी गावापासून. त्याच वर्षी दख्खन शेतकरी मदत कायदा आला, पुणे, नगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता.

कायदा त्या काळाच्या मानाने धाडसी होता. रोख्यावर आकडा लिहिलेला आहे एवढ्यावर न्यायाधीशाने थांबायचं नाही. मूळ कर्ज किती, व्याज किती, परत किती आलं, सगळी कुळकथा खोदून काढायची. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंग नाही. हप्ते बांधून द्यायचे. रोखे गावच्या निबंधकासमोर नोंदवायचे. या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून महादेव गोविंद रानडे यांनी कित्येक वर्षं या जिल्ह्यांतून फिरती केली. सुप्याच्या जमावाने जे आगीने साधायला पाहिलं, वाढत जाणाऱ्या कागदाची मिजास उतरवणं, ते या कायद्याने कोर्टाच्या हाती दिलं.

सावकारांनी त्यावर तोड काढायला फार वेळ घेतला नाही. न्यायाधीश कर्जरोख्याच्या आत डोकावणार ना? मग कर्जरोखा करायचाच नाही. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करायचं आणि पैसे फिटले की जमीन परत देतो, असं तोंडी वचन द्यायचं. कागदावर जमीन विकली गेलेली असते. कर्ज कुठे दिसतच नाही. जिथे खरेदीखत लिहून द्यायला जमीन नव्हती तिथे पैसा मिळणंच दुरापास्त झालं. पुढे खरेदीखताच्या पोटात दडलेलं गहाण शोधण्याचा अधिकार कोर्टाला देणारी दुरुस्ती करावी लागली. १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता.

महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा सध्याचा कायदा २०१४ चा आहे. सावकारी व्यवहारातून झालेलं खरेदीखत तपासून ते अवैध ठरवण्याचा आणि जमीन मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार त्यात सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला दिलेला आहे. अर्ज देणाऱ्या शेतकऱ्याला तिथेही पहिल्यांदा हेच सिद्ध करावं लागतं की कागदावर विक्री दिसत असली तरी मुळात ते कर्ज होतं.